तात्पुरती नोकरी लांब लागली, तर अपडाऊन करायचं की खोली घ्यायची?

घर नाशिकमध्ये आणि सहा-आठ महिन्यांचं काम सिन्नरला, गोंद्याला, चाकणला नाहीतर ठाण्याला. "सोमवारपासून या" असा फोन येतो आणि रोज जायचं-यायचं की तिकडेच राहायचं, हे घरात दोन दिवसांत ठरवावं लागतं. बहुतेक जण अंतर बघून ठरवतात. तीस किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन करू, दोनशे असेल तर राहू. कायमच्या नोकरीत हे चालून जातं. तात्पुरत्या नोकरीत आधी बघायचं ते वेगळंच. हे काम खरोखर किती महिने टिकेल? आणि ते संपेल त्या दिवशी तुमच्या गळ्यात काय काय अडकलेलं असेल?

माझं मत स्पष्ट आहे. नोकरी तात्पुरती असेल तर बिऱ्हाड हलवू नये. हलायचंच असेल तर एकट्याने हलावं, कमीत कमी सामान घेऊन, आणि महिन्याभरात मोकळं होता येईल अशा करारावर. रोज जायचं-यायचं ठरवलं तरी तो निर्णय पहिल्या चार आठवड्यांपुरताच समजावा. हे सगळं कसं ठरवायचं ते आता क्रमाने बघू.

पहिली पायरी: काम खरंच किती दिवसांचं आहे ते शोधा

"सहा महिन्यांचा करार आहे" याचा अर्थ जास्तीत जास्त सहा महिने असाही असतो. ऑफर लेटरमध्ये आधी हे बघा की तुम्ही थेट कंपनीच्या पेरोलवर आहात की ठेकेदाराच्या. ठेकेदाराकडून असाल तर कंपनीतली ऑर्डर कमी झाली की "उद्यापासून येऊ नका" हा निरोप एका फोनवर येऊ शकतो. शिवाय ठेकेदार तुम्हाला अंबडहून सिन्नरला आणि सिन्नरहून दिंडोरीला पाठवू शकतो. कामाची जागा पत्रात लिहिलेली नसेल तर त्या जागेशेजारी खोली घेण्यात अर्थ नाही.

कामाच्या प्रकारावरूनही बराच अंदाज येतो. एखादी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तुम्हाला तिच्या जागी घेतलं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. म्हणजे हे काम साधारण सहा महिने टिकणार, यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड पट्ट्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधलं किंवा वायनरीतलं काम हंगामाचं. करारात काहीही लिहिलेलं असो, उन्हाळा चढला की माल संपतो आणि काम आटोपतं. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणार असाल तर पैसे घेतलेल्या तासांचे मिळतात आणि सुट्ट्यांचे महिने कोरडे जातात. भाडं मात्र बाराही महिने भरावं लागतं.

आता सिंहस्थाची, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्याची, कामंही निघताहेत. जाहीर कार्यक्रमाप्रमाणे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. या कामासाठी बाहेरून नाशिकला येणाऱ्यांनी आपलं काम त्या तारखांच्या नेमकं कुठे संपतं ते आधीच विचारून घ्यावं.

विचारायला संकोच करू नका. एचआरला सरळ म्हणा, "मॅडम, मला राहायची सोय बघायची आहे म्हणून विचारतो. या पोस्टवर आधी जे होते ते किती महिने होते? आणि मुदतीआधी थांबवायचं झालं तर किती दिवसांची नोटीस मिळते?" याचं उत्तर टाळलं तर तेही उत्तरच समजा. त्याच फोनवर कंपनीची बस कुठून सुटते, कँटीन आहे का आणि पाळ्या कशा फिरतात तेही विचारून घ्या. मग स्वतःसाठी तीन आकडे लिहा: कमीत कमी किती महिने, बहुधा किती आणि जास्तीत जास्त किती. पुढचा सगळा हिशोब पहिल्या दोन आकड्यांवर करायचा. तिसरा विसरून जा, कारण मुदतवाढीच्या आशेवर घेतलेली खोलीच नेमकी महागात पडते.

दुसरी पायरी: दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजा

गुगल मॅप रविवारी दुपारी दाखवतो तो वेळ तुमच्या कामाचा नाही. कामाच्याच दिवशी, पंचिंगच्याच वेळेला पोचायचं म्हणून घरातून निघा. कुलूप लावल्यापासून कंपनीच्या गेटपर्यंत किती वेळ लागला ते बघा आणि संध्याकाळी परतीचंही तसंच बघा. रुजू व्हायच्या आधी ही एक फेरी मारलीच पाहिजे. इतकी स्वस्त चाचणी दुसरी नाही.

सिन्नरचंच उदाहरण घ्या. शहरापासून तीसेक किलोमीटर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण "सिन्नर" म्हणजे कुठलं? माळेगाव एमआयडीसी सिन्नरच्या अलीकडे, नाशिकच्या बाजूला आहे. मुसळगावला जायचं तर सिन्नर ओलांडून शिर्डी रस्त्याला लागावं लागतं. आणि "नाशिक" म्हणजे तरी कुठलं? जेल रोडला राहणारा बिटको चौकातून थेट शिंदे-पळशाच्या दिशेने सुटतो. गंगापूर रोडला किंवा सातपूरला राहणाऱ्याला आधी अख्खं शहर पार करायचं असतं. सकाळी लवकर तो द्वारका चौक दहा मिनिटांत मागे टाकेल, पण संध्याकाळी सहा-साडेसहाला तिथेच अडकून पडेल. एकाच कंपनीत शेजारी-शेजारी उभं राहून काम करणाऱ्या दोघांच्या रोजच्या प्रवासात त्यामुळे तासाभराचा फरक पडतो. वाटेतला मोहदरी घाट छोटा आहे, पण ट्रकच्या मागे दुचाकीवर, अंधारात आणि पावसात तो छोटा वाटत नाही. चाचणीची फेरी उन्हात झाली असेल तर हे ध्यानात ठेवा.

गोंदे, वाडीवऱ्हे, घोटी या बाजूला मुंबई-आग्रा महामार्ग रुंद आहे आणि पाथर्डी फाट्यावरून कंपन्यांच्या बसही मिळतात. तिकडे अडचण पावसाची आहे. विल्होळी सोडून जसजसं इगतपुरीकडे जावं तसतसा पाऊस वाढत जातो, आणि जून ते सप्टेंबर दुचाकीवर रोज जायचं म्हणजे अंगावर ओले कपडे घेऊन आठ तास उभं राहायचं. करार जुलैत सुरू होणार असेल तर कंपनीची बस असल्याशिवाय या बाजूला दुचाकीने जाण्याचा बेत करू नये, असं मी ठामपणे सांगेन. हेच काम नोव्हेंबर ते एप्रिल असेल तर खुशाल जाऊन-येऊन करा.

मुंबईचं गणित वेगळं. पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून नाशिककरांना मुंबईला नेते-आणते. रोज तिने जाणारे पासधारक आहेत आणि त्यांचं एक घट्ट जगच आहे. गाडी नाशिक रोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि सीएसएमटीला पावणेअकराच्या आसपास पोचते. परतताना संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास निघून रात्री दहाच्या आत-बाहेर नाशिक रोडला येते. याचा अर्थ नीट लावा. फोर्ट किंवा दादरच्या बाजूला अकरानंतर पोचलेलं चालणारी आणि साडेपाचला सोडणारी नोकरी असेल तरच हा रोजचा मार्ग आहे. ठाणे-कल्याणच्या नोकरीला थोडी मोकळीक मिळते, कारण ती स्टेशनं आधी येतात. पण नऊच्या ठोक्याला पंचिंग असेल तर पंचवटी विसरा. द्वारकेवरून शेअर टॅक्सीने कसारा आणि तिथून लोकल, हा पर्याय अधूनमधून जायला ठीक आहे. रोजचा केलात तर पहिल्या पंधरवड्यातच अंग मोडून येईल. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली किंवा इंजिन बिघडलं की सगळ्या गाड्या अडतात, तेही धरून चाला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून गाडीवाल्यांचा घाटातला वेळ वाचतो. पण टोल आणि पेट्रोल एकट्याच्या पगारातून रोज परवडत नाही, आणि आमण्याच्या पुढची भिवंडी-ठाण्याची गर्दी आहे तिथेच आहे.

पुण्याला रोज जाऊन-येऊन करण्याचा विचारच नको. अंतर २१० किलोमीटर, थेट रेल्वेमार्ग नाही, आणि चाकणचा ट्रॅफिक तुमच्या वेळापत्रकाला विचारत नाही. चाकण-भोसरीच्या नोकरीत प्रश्न फक्त एवढाच उरतो की एकट्याने जायचं की घरासकट.

उलट दिशेने येणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. मनमाड, लासलगाव, निफाडहून रेल्वेने नाशिक रोडला येणं सोपं आहे, आणि मासिक पासही स्वस्त पडतो. खरा वेळ खातो तो स्टेशनापासून सातपूर-अंबडपर्यंतचा शेवटचा टप्पा. गाडीत बसलेला वेळ आणि हा टप्पा वेगवेगळे मोजा. कधी कधी दुसरा पहिल्याइतकाच निघतो.

वेळ मोजून झाला की एक साधी चौकट लावा. आठ तास काम, अर्धा-पाऊण तास जेवणाची सुटी, सात तास झोप, आणि आंघोळ-डबा-घरचं मिळून तीन तास. उरतात साधारण पाच. जाण्या-येण्यात तीन तास गेले तर मुलांशी बोलायला, दळण आणायला, पडून राहायला दोन उरतात. साडेतीनच्या वर गेले तर ते झोपेतून जाऊ लागतात. झोपेतून जाणारा प्रवास दोन महिने निभतो, आठ महिने निभत नाही.

तिसरी पायरी: वाचलेल्या तासाची किंमत काढा

पेट्रोल किती आणि भाडं किती, इतकाच हिशोब केला तर अपडाऊनच जवळपास नेहमी स्वस्त दिसतं. त्यात वेळ घातला की चित्र बदलतं, आणि महिने घातले की पुन्हा बदलतं. एक नमुना पूर्ण मांडून दाखवतो. आकडे माझ्या गृहीतकांचे आहेत, त्यांच्या जागी तुम्ही तुमचे घाला.

समजा घर सिडकोत, काम माळेगाव एमआयडीसीत, हातात पगार २८,००० रुपये, महिन्याला २५ दिवस काम. दुचाकीने रोजचे ७० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दिवसाला १४७, महिन्याला ३,६७५ रुपये. टायर, ऑइल, चेन-स्प्रॉकेट, सर्व्हिसिंग यासाठी किलोमीटरला एक रुपया बाजूला काढा. हा खर्च लोक धरत नाहीत आणि सहाव्या महिन्यात तो एकदम अंगावर येतो. ते झाले १,७५०. म्हणजे अपडाऊनचा महिना ५,४२५ रुपयांचा.

आता सिन्नरला खोली. भाडं ४,०००, मेस ३,५००, आठवड्याला एकदा घरी यायचे महिन्याचे ६००. घरचं जेवण तेवढं वाचलं त्याचे १,५०० वजा केले की ६,६०० रुपये. त्याशिवाय गादी, बादली, छोटी शेगडी, सामान नेण्याचा टेम्पो असे एकदाच होणारे ३,००० रुपये. काम सहा महिने टिकलं तर त्याचे महिन्याला ५००. एकूण ७,१००.

फरक महिन्याला १,६७५ रुपये. वेळ किती वाचला? रोजचे दोन तास धरून अपडाऊनचे महिन्याला ५० तास. खोलीवरून कंपनीत जायला-यायला रोज अर्धा तास आणि रविवारच्या फेऱ्या धरून साधारण २०. वाचले ३०. म्हणजे तासाला ५६ रुपये. तुमचा कामाचा तास किती रुपयांचा? २८,००० भागिले २०० तास, म्हणजे १४०. छप्पन रुपयांत एक तासाची झोप किंवा अभ्यास मिळत असेल तर खोली घेणं योग्य.

आता तोच हिशोब, पण काम दोनच महिन्यांत थांबलं असं धरून. एकदाचे ३,००० दोन महिन्यांत वाटले, म्हणजे महिन्याला १,५००. नोटीस न देता खोली सोडावी लागली म्हणून एका महिन्याचं भाडं गेलं, ते ४,०००, म्हणजे महिन्याला २,०००. राहण्याचा खर्च १०,१०० वर गेला. फरक ४,६७५, आणि वाचलेला तास १५६ रुपयांना पडला. तुमच्या स्वतःच्या तासापेक्षा महाग.

तीच खोली, तीच कंपनी, तोच पगार. फक्त महिने बदलले आणि उत्तर उलटलं. पहिल्या पायरीत कमीत कमी महिने काढायला सांगितले ते यासाठीच. दोन्ही आकड्यांवर खोली परवडत असेल तर घेऊन टाका. फक्त लांबच्या मुदतीवर परवडत असेल तर थांबा आणि खाली दिलेला मधला मार्ग बघा.

बसने जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. एसटीच्या मासिक पासात साधारण २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो. महिन्याला २५ दिवस जाणाऱ्या पुरुषाला तो फायद्याचा आहे. बायकांना मात्र १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. २५ दिवसांचं अर्धं तिकीट म्हणजे साडेबारा दिवसांचं भाडं, म्हणून त्यांनी पास काढायची गरज नाही, रोज तिकीट काढणंच स्वस्त. या एका सवलतीमुळे सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबक या अंतरावर बाईमाणसासाठी अपडाऊनचं पारडं बरंच जड होतं. सवलत एसटीची आहे. महापालिकेची सिटीलिंक ही वेगळी सेवा, तिचं भाडं आणि पास स्वतंत्र धरा.

चारचाकीने जाणाऱ्यांनी फास्टॅगचा वार्षिक पास बघावा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यातलं जे आधी संपेल ते, अशी अट होती. वाटेत राष्ट्रीय महामार्गावरचा एक नाका असेल तर जाता-येता रोज दोन फेऱ्या खर्च होतात, म्हणजे पास चार महिन्यांत संपतो. चार महिन्यांच्या करारासाठी तो अगदी बरोबर बसतो. समृद्धीवर हा पास चालत नाही.

चौथी पायरी: पाळी बघा

जनरल शिफ्ट असेल तर वरचं सगळं लागू. फिरत्या पाळ्या असतील तर दोन गोष्टी वेगळ्या होतात. सेकंड शिफ्ट रात्री अकरा-साडेअकराला सुटते, त्या वेळी एसटी विरळ झालेली असते आणि शेअर रिक्षा मिळेलच असं नाही. नाईट करून सकाळी सातला दुचाकीवर घाट उतरणं हे सगळ्यात धोक्याचं. डोळा लागायला दोन सेकंद पुरतात. नाईट असलेल्या आठवड्यात कंपनीची बस नसेल तर तीस किलोमीटर हेसुद्धा राहण्याचंच अंतर धरावं. इथे पैशाचा हिशोब करत बसू नये.

पगार २१,००० किंवा त्याखाली असेल आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात असेल तर कार्डाचा नंबर घरच्यांकडे देऊन ठेवा. २०१० च्या दुरुस्तीपासून कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ-जागा-कामाचा संबंध दाखवता आला तर, या विम्यात धरला जातो. थंडीतही जरा जपा. निफाड-ओझर बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चांगलाच उतरतो, आणि सहाच्या पाळीला जाणाऱ्याच्या काचेवर धुकं बसतं.

पाचवी पायरी: घरात बोला

हा भाग लोक गृहीत धरतात. तुम्ही सकाळी पाचला निघणार असाल तर डबा करायला चारला कोण उठणार? आईचं औषधपाणी, मुलांना शाळेत सोडणं, गॅस सिलिंडर, सोसायटीची मीटिंग ही तुमची कामं कोणाच्या वाट्याला जाणार? अपडाऊन करणारा माणूस घरी असतो असं म्हणतात, पण रात्री नऊला येऊन दहाला झोपणारा माणूस घरच्या कामाला उपलब्ध नसतो. कधी कधी आठवड्याचे पाच दिवस बाहेर आणि दीड दिवस पूर्ण घरी, हे घरच्यांनाही जास्त सोयीचं पडतं.

मुलांची शाळा बदलायचा विचार आठ महिन्यांच्या करारासाठी करू नका. दाखला काढणं, नव्या शाळेत प्रवेश, डोनेशन, गणवेश, आणि वर्ष संपायच्या आत पुन्हा हेच सगळं उलट. जोडीदाराची नाशिकमधली नोकरी तात्पुरत्या नोकरीसाठी सोडणं तर अजिबात नको.

सहावी पायरी: आधी मधला मार्ग वापरून बघा

पहिले चार आठवडे कायमचं काहीच करू नका. सिन्नर-गोंद्यासारख्या अंतरावर आधी जाऊन-येऊन करा. चाकण-ठाण्यासारख्या अंतरावर कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) किंवा पीजीत, महिन्याच्या भाड्यावर राहा. तिथे गादी, पंखा, पाणी तयार असतं आणि डिपॉझिट लहान असतं. पहिला पगार वेळेवर होतो का, सुपरवायझर कसा आहे, ओटी खरंच मिळतो का, हे चार आठवड्यांत कळतं. त्यानंतर खोली घ्यायची की नाही हे डोळे उघडे ठेवून ठरवता येतं.

आणखी एक रचना चांगली चालते. सोमवारी पहाटे निघायचं, चार रात्री तिकडे काढायच्या आणि शुक्रवारी किंवा शनिवारी कामावरून थेट घरी यायचं. पुण्याच्या बाबतीत सोमवारी पहाटे तीनला निघण्यापेक्षा रविवारी संध्याकाळीच निघा. रविवारची संध्याकाळ हातची जाते, पण सोमवार धड जातो. नोकरी आठवड्यातून दोन-तीनच दिवस ऑफिसात बोलावणारी असेल तर सलग दोन दिवस मागून घ्या आणि मधली एक रात्र नातेवाइकांकडे किंवा डॉर्मिटरीत काढा. नातेवाइकांकडे राहायचं असेल तर पहिल्याच दिवशी बोलून घ्या: "मावशी, मी मंगळवारी रात्रीच असेन, आणि महिन्याला किराणा मी भरीन." मावशी नको म्हणेल, तरी भरा. त्याने नातं टिकतं.

सातवी पायरी: खोली घ्यायचीच असेल तर अशी घ्या

अकरा महिन्यांचाच करार करावा लागतो, हा गैरसमज आहे. सहा महिन्यांचा किंवा चार महिन्यांचाही लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याने राहण्याचा, करार करता येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही लहान असली तरी. नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं मानून न्यायालय सुरुवात करतं. हा मुद्दा घरमालकाला शांतपणे सांगितला की नोंदणीला तोही तयार होतो. मुद्रांक शुल्क मुख्यतः एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असल्याने लहान खोलीला ते किरकोळ पडतं. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. सगळं ऑनलाइन होतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी लागते, तेही त्याच वेळी उरकून घ्या.

तात्पुरत्या नोकरीवाल्याने करारात जीव तोडून मागायची अट एकच, लॉक-इन (ठरावीक महिन्यांआधी खोली सोडता न येण्याचं बंधन) नसावा आणि नोटीस एक महिन्याची असावी. जमलं तर पंधरा दिवसांची. घरमालकाशी खरं बोलणं सगळ्यात चांगलं: "काका, माझं काम सहा महिन्यांचं आहे, लवकरही संपू शकतं. म्हणून नोटीस पंधरा दिवसांची ठेवू या. भाडं मी दर महिन्याच्या पाच तारखेला देईन." शंभरातले बरेच काका यावर तयार होतात, कारण एकटा, नोकरदार, भाडं वेळेवर देणारा माणूस त्यांनाही हवा असतो. भाडं दोनशे रुपयांनी जास्त मागितलं आणि ही अट मान्य केली तरी घ्या. वरचा हिशोब बघा, अवेळी अडकलेला एक महिना त्या दोनशेंच्या कितीतरी पट असतो.

डिपॉझिट शक्यतो दोन महिन्यांच्या वर जाऊ देऊ नका आणि ते बँकेतूनच द्या. चावी घेताना महावितरणच्या मीटरचा फोटो काढा आणि आधीचं बिल भरलेलं आहे का ते बघा. भिंतीवरची ओल, तुटलेला नळ, फुटलेली फरशी यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पाणी किती वाजता येतं हे विचारा. पाणी सकाळी सहाला येत असेल आणि तुमची पाळी सहाची असेल तर टाकी नसलेली खोली काही उपयोगाची नाही. सामान एका फेरीत दुचाकीवर किंवा छोट्या हत्तीत मावेल इतकंच न्या. फ्रिज आणि कपाट नेलं की परतीचा खर्च दुप्पट होतो.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. आधारवरचा पत्ता बदलायची गरज नाही, पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो. घरभाडे भत्त्याची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, नव्यात नाही. त्यामुळे "भाड्यावर टॅक्स वाचेल" असं कोणी म्हटलं तर आधी स्वतःची प्रणाली बघा. थेट कंपनीच्या ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असाल तर करार ११ महिन्यांचा आहे की १२ चा याकडेही लक्ष द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार अशा कामगाराला एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो.

आठवी पायरी: चौथ्या आठवड्यात पुन्हा बसा, आणि शेवटच्या महिन्यात आवराआवर आधी करा

चार आठवडे झाले की पुन्हा कागद घ्या. प्रत्यक्षात रोज किती वेळ गेला? लेट मार्क लागले का? पेट्रोल अंदाजाइतकंच लागलं का? सगळ्यात महत्त्वाचं, ठरलेल्या दिवशी पगार झाला का? पगार लांबला असेल तर खोली घेण्याचा विषय तिथेच थांबवा. शरीराकडेही बघा. रविवारी दुपारी बारापर्यंत उठवत नसेल, पाठ धरत असेल, घरात शब्दाला शब्द वाढत असेल, तर हिशोब काहीही म्हणो, रोजचं जाणं-येणं बंद करायची वेळ आली आहे.

मुदत संपायला सहा आठवडे राहिले की वाढ मिळणार का हे एचआरला लेखी विचारा. "बघू, बहुतेक वाढेल" असं तोंडी सांगितलं तरी खोलीची नोटीस देऊन टाका. वाढ मिळाली तर घरमालकाशी बोलून महिना-महिना वाढवून घेता येतं. सोडताना पुन्हा मीटरचा फोटो काढा, शेवटचं बिल भरा आणि डिपॉझिट परत मिळाल्यावरच चावी द्या. अनुभवाचं पत्र आणि रिलीव्हिंग लेटर मात्र खोली सोडायच्या आधी, तुम्ही अजून रोज त्या गेटमधून आत जाताय तेव्हाच, हातात घ्या. एकदा नाशिकला परत आलात की त्या एका कागदासाठी पुन्हा चाकणला किंवा ठाण्याला चकरा माराव्या लागतात.